दोष लॉकचा नव्हताच

आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. पांढरी, एमएच-३१ पासिंगची. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, गाडी चालवत नाहीत. पण रोज सकाळी तिला फडकं मारायचं आणि बॉनेट उघडून पाणी बघायचं, हा नेम काही चुकत नाही. पुण्याहून दादाचा फोन आला की शेवटचं वाक्य ठरलेलं, "अजून विकली नाही का ती?"

यंदाच्या मे महिन्यात दादाला आयतंच निमित्त मिळालं. मी आणि बाबा बुटीबोरीहून परत येत होतो. वर्धा रोडवर शेजारून एक ट्रक जोरात गेला आणि बॉनेट खाडकन दोन बोटं वर आलं. आतल्या दुसऱ्या हुकाने धरून ठेवलं म्हणून बरं, नाहीतर सरळ काचेवर येऊन आदळलं असतं आणि समोरचा रस्ताच दिसला नसता. गाडी कशीबशी बाजूला घेतली. बाबा शांतपणे म्हणाले, "लॉक नीट लागलं नसेल." माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

खरी गोष्ट अशी की गेल्या दीड वर्षात हे बॉनेट मी तीन ठिकाणी दाखवलं होतं. एकाने लॉक घट्ट केलं. दुसऱ्याने पुढचे रबर वरखाली करून दिले. तिसऱ्याने तर लॉकच नवं टाकलं. प्रत्येक वेळी महिनाभर बरं चालायचं आणि मग पुन्हा खडखड सुरू.

शेवटी घाट रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याने लॉककडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट अर्धं उचललं, काचेजवळचा कोपरा धरला आणि आडवा हलवला. टक-टक, टक-टक.

"ताई, लॉक काहून बदलवून राहिल्या तुम्ही? लॉकात काई नाई. कब्जा झिजला न बाप्पा!"

कब्जा म्हणजे बिजागरी. बॉनेट काचेच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर बसलेलं असतं. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन पिन झिजते, तिचं गोल भोक लांबट होतं, आणि बॉनेट हळूहळू एका अंगाला सरकतं. मग पुढचा आकडा लॉकमध्ये सरळ पडत नाही. 'खट्' आवाज येतो, आपल्याला वाटतं लागलं, पण ते अर्धंच लागलेलं असतं. बाजारात नवी जोडी मिळत होती, पण तिचा पत्रा पातळ होता. मिस्त्रीने आधी बोल्टांभोवती पेन्सिलने खुणा केल्या, म्हणजे परत बसवताना जागा चुकायला नको. पोराला बॉनेट धरायला लावलं, कब्जे काढले, जुने रिव्हेट उडवले, भोकं गोल करून घेतली आणि शेजारच्या लेथवरून पितळेचे बुश आणि नव्या पिना आणल्या. मग ग्रीस लावलं आणि दोन्ही बाजूंची फट बोटाने चाचपून सारखी केली. एका दुपारचं काम आणि साडेसातशे रुपये! नवं लॉक याहून महाग पडलं होतं.

आता माझं मत. दादाचं म्हणणं अगदीच चूक नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. सरकारचाही कल स्पष्ट आहे. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण २०२१ साली आलं, तेही आपल्या नागपूरच्याच गडकरींच्या खात्याकडून. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. आमची पुढची नोंदणी २०२७ साली आहे. तेव्हा खालचा पत्रा कुजलेला निघाला, तर मी स्वतः तिला भंगारात नेऊन देईन.

पण "जुनी झाली" हे काही निदान नव्हे. सगळी गाडी एकदम जुनी होत नाही, तिचा एखादा सांधा झिजतो. तो कुठला, हे न शोधता वरवर लॉक बदलत बसणं जितकं चूक, तितकंच न बघता गाडी मोडीत काढणंही चूक. आधी हलवून बघा, मग ठरवा. आणि हलवून बघणारी माणसं कमी होत चालली आहेत, ही मला खरी काळजी वाटते. पार्ट बदलून देणारे गल्लोगल्ली आहेत.

रात्री दादाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला गाडीचं काही नाही गं. बाबा बसलेले असतात त्यात." इतकी वर्षं आम्ही दोघं गाडीवरून भांडत होतो, म्हणजे आम्हीही लॉकच घट्ट करत होतो की! मग ठरलं, हायवेवर ही गाडी न्यायची नाही, फक्त गावातल्या गावात.

जाता जाता, तुमची गाडी जुनी असेल तर उद्या बॉनेट अर्धं उचलून मागचा कोपरा हलवून बघा. टक-टक वाजलं तर लॉकच्या नादी लागू नका. बाबांनी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं रोज बॉनेट उघडलं, पण कब्ज्याला तेलाचा थेंब कधी घातला नाही. मीही नाही. आता फडक्याशेजारी त्यांनी तेलाची कुपी ठेवली आहे.