अडचण कोणाची, फलक कोणाचा

घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी घेणाऱ्या जाहिरात फलकाची आठवण १३ मे या दुर्घटनेच्या तारखेच्या निमित्ताने पुन्हा निघाली आणि चर्चा पुन्हा पायाची खोली, वाऱ्याचा वेग आणि संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र यांच्याभोवतीच फिरत राहिली. हे मुद्दे गौण नाहीत. परंतु कमाल ४० बाय ४० फुटांची मर्यादा असलेल्या शहरात २०२४ साली १२० बाय १२० फुटांचा, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट, फलक उभा होता, तेव्हा या नऊपटीला संमती कोणी, कोणासमोर आणि कोणते कारण नोंदवून दिली, हा प्रश्न अभियंत्याचा नसून नियमाला अपवाद करण्याच्या पद्धतीचा आहे.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, जिथे एडिसनसारख्या गावांत मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, दुकानाची पाटी नियमापेक्षा दहा चौरस फूट मोठी हवी असली तरी दुकानदाराला गावाच्या ‘झोनिंग बोर्डा’पुढे, म्हणजे जमीनवापराच्या नियमांतून सवलत देण्याचा अधिकार असलेल्या नागरिकांच्या मंडळापुढे, उभे राहावे लागते. या सवलतीला तेथे ‘व्हेरियन्स’ म्हणतात. सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी २०० फुटांच्या परिघातील मालमत्ताधारकांना अर्जदाराने स्वतः नोटीस पाठवायची, शपथेवर साक्ष द्यायची आणि जागा चिंचोळी आहे, उथळ आहे किंवा तिचा उंचसखलपणा असा आहे की नियमाचे तंतोतंत पालन केल्यास अकारण हाल होतात, हे सिद्ध करायचे. अडचणीऐवजी सार्वजनिक लाभाचा आधार घेण्याची दुसरी वाटही कायद्यात आहे, पण तो लाभही सर्वांसमक्षच पटवून द्यावा लागतो. स्वतःच ओढवून घेतलेली अडचण मात्र धरली जात नाही आणि शेजारच्या घरातील गृहस्थ उठून ‘रात्री या पाटीचा उजेड आमच्या खिडकीत येणार का?’ असे विचारू शकतो. ही मंडळे धुतल्या तांदळासारखी असतात असे नव्हे, सवलती तेथेही सढळपणे दिल्या जातात; पण दिली ती का दिली, हे ठरावात लिहावे लागते.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतही नेमका हाच ‘अडचणी’चा निकष आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. १९९१ च्या नियमावलीतील ६४ व्या नियमाने आयुक्तांना असा अधिकार दिला की स्पष्टपणे दाखवता येणारी अडचण असल्यास, लेखी कारणे नोंदवून, आरोग्य व सुरक्षिततेला बाधा येणार नाही अशा बेताने ठरावीक मोजमापे शिथिल करता येतील. शब्द दोन्हीकडे एकच. फरक असा की न्यू जर्सीत अडचण शेजाऱ्यांसमोर सिद्ध करावी लागते, तर मुंबईत इमारतीभोवतीची मोकळी जागा कमी पडली तर त्या तुटीसाठी अधिमूल्य, म्हणजे सवलतीपोटीचा आकार, भरला जातो आणि अडचण दरपत्रकात जाऊन बसते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने बांधकामावरील अधिमूल्यांत वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली, तेव्हा अडचणींचाही मान्सून सेल लागू शकतो हे सिद्ध झाले.

फलकांची मार्गदर्शक तत्त्वे या नियमावलीहून वेगळी असली तरी वृत्ती तीच. छेडानगरची जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील होती आणि पालिकेची परवानगी नव्हती, असे पालिकेने स्वतःच सांगितले. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुना बाजार चौकात चौघांचा जीव घेणारा सांगाडाही रेल्वेच्याच हद्दीतला. पुणे महापालिकेत ‘आकाशचिन्ह व परवाना’ अशा काव्यमय नावाचा विभाग आहे, आकाशचिन्ह म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक. मात्र रेल्वेच्या कुंपणापलीकडचे आकाश त्याच शहराचे आहे की नाही, हे ठरवण्यातच कागद वर्षानुवर्षे फिरत राहतात. याउलट हरकती व सूचना मागवणारी शासकीय जाहीर सूचना वर्तमानपत्रात ज्या मुंगीएवढ्या टायपात छापली जाते, तिच्या आकाराला मात्र कोणी कधी सवलत मागितल्याचे दिसत नाही, आणि गल्लीतल्या दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिला की अक्षरांच्या आकाराचे प्रमाण मजकुराच्या महत्त्वाशी व्यस्त असावे, असा नियमच कोणीतरी करून ठेवला असावा अशी शंका येते.

छेडानगरच्या त्या नऊपट आकाराची जाहीर दखल एका ठिकाणी मात्र वेळेवर घेतली गेली होती: लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये, विक्रम म्हणून.