डोंगर कोण शिकवणार, हे आधी विचारा

शिरड शहापूर, औंढा, वसमत या पट्ट्यात ज्या घरातल्या लेकरानं पायलट व्हायचं मनात घेतलंय, त्या घरासाठी हे लिहितोय. कमर्शियल लायसन्सचा खर्च आज ५० लाखांच्या पुढे जातो. हळदीचे पैसे, बँकेचं कर्ज, जमलंच नाही तर एखादा एकर, असं करून तुम्ही तो उभा करणार. फी किती, होस्टेल कसं, नोकरी लागते का, हे तुम्ही विचारालच. डोंगरात विमान कसं न्यायचं हे कोण शिकवणार, एवढंही विचारा. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या फ्लाइंग स्कूलचं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या कुशीत कोसळलं. इन्स्ट्रक्टर जागीच गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. तिथल्या आदिवासी वस्तीतल्या माणसांनी लुगड्याची झोळी केली आणि पावसापाण्यातून, जंगलातून तिला खाली आणलं. पुढे १८ मार्च २०२३ ला गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं विमान मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात पडलं. (आपल्या मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराशी याची गल्लत करू नका.) त्यात इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थिनी दोघंही गेले. कारणं शोधायला तपास यंत्रणा आहे. आपण एवढं ध्यानात घ्यायचं की महाराष्ट्रात उडायला शिकणाऱ्या पोराच्या वाटेत सह्याद्री नाही तर सातपुडा येतोच.

लायसन्सच्या अटी काय सांगतात? एकूण २०० तास उड्डाण. त्यात स्वतः कप्तान म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री (एका विमानतळाहून लांबच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत), आणि किमान ३०० नॉटिकल मैलांचा एक मोठा फेरा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. ३०० नॉटिकल मैल म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर. आपल्या गावापासून मुंबईपर्यंत सरळ रेघ ओढली तरी तेवढी भरत नाही. अटीत अंतर मोजलंय, तास मोजलेत. डोंगराचे तास वेगळे मोजलेले नाहीत. न्यूझीलंडमध्ये डोंगराजवळ उडण्याचं शिक्षण लायसन्सच्या अभ्यासातच आहे, युरोपात डोंगरातल्या धावपट्ट्यांसाठी वेगळं रेटिंग आहे. आपल्याकडे ते शाळेच्या आणि इन्स्ट्रक्टरच्या मर्जीवर. म्हणून मागून घ्यावं लागतं.

आता कुणी म्हणेल, मराठवाड्यात डोंगर आहेत कुठे? औंढ्याची टेकाडं विमानाला काय अडवणार? तर ऐका. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंखही कमी उचलतो, पुढचा पंखाही (प्रोपेलर) कमी ओढतो, इंजिनही कमी जोर देतं. नांदेडचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेबाराशे फुटांच्या आसपास आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, की हिशेबानं तिथली हवा जवळपास ४,८०० फुटांवरच्या हवेसारखी वागते. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट! म्हणजे दुपारी दोन वाजता विमान धावपट्टीवर उभं असतानाच अर्ध्याहून जास्त डोंगर चढलेलं असतं. सेसना १७२ सारखं चार आसनी विमान समुद्रकाठी मिनिटाला सातशे फुटांच्या वर चढतं. अशा हवेत त्यातलं बरंच गळून जातं आणि टेकऑफची धाव लांबते. हा हिशेब कागदावर मांडायला घरबसल्या शिकता येतो. लेकराला विचारा, त्याला तो येतो का. येत नसेल तर इन्स्ट्रक्टरला विचारा, का येत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ओढ्यातल्या मोठ्या दगडावरून पाणी कसं चढतं आणि पलीकडे कसं आपटतं, ते पाहिलंय ना? डोंगरावरून वारा तसाच जातो. वाऱ्याच्या तोंडाकडची बाजू विमानाला उचलते, पाठीमागची बाजू खाली ओढते, आणि ती ओढ कधीकधी छोट्या विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा मोठी असते. इंजिन पूर्ण जोरात, नाक वर, आणि उंची मात्र कमी होत चाललीय, असं होतं. म्हणून जाणते वैमानिक कड्याला सरळ भिडत नाहीत, ४५ अंशांत तिरपे जातात. काही बिघडलं तर थोडक्या वळणात माघारी येता यावं म्हणून. कड्याच्या वर हजार-दोन हजार फूट मोकळे ठेवतात. माथ्यावर वारा २५ नॉटच्या पुढे असेल तर छोटं विमान तिकडे नेतच नाहीत. दरीतून जाताना मधोमध न जाता एका अंगानं जातात, वळायला पूर्ण रुंदी हाताशी राहते. आणि ज्या दरीत वळता येणार नाही, तिच्यात शिरत नाहीत.

हे सगळं मी चार ओळींत लिहिलं, पण ते शेजारी इन्स्ट्रक्टर बसवूनच शिकायचं असतं. व्हिडिओ पाहून तर अजिबात नाही. मोठ्या फेऱ्याच्या आधी त्याच वाटेवर, घाट ओलांडत, इन्स्ट्रक्टरसोबत एक उड्डाण मागा. थंडीतली सकाळ बघा. पावसाळ्यात घाटमाथे ढगात बुडालेले असतात, तेव्हा शिकाऊ पोरांचं तिथे काही काम नाही.

मुंबईची आरोही पंडित मे २०१९ मध्ये ‘माही’ नावाच्या दोन आसनी सायनस विमानातून एकटीनं अटलांटिक पार करून कॅनडात उतरली, ग्रीनलंडच्या बर्फाच्या पठारावरून. तिचं नाव मुलांना जरूर सांगा. पण ती मोहीम जुलै २०१८ मध्ये पतियाळ्याहून निघाली होती, हेही सांगा. मधल्या महिन्यांचे फोटो कुणी छापत नाही.

आणि आता खास आईबापांसाठी. पोरगं परत फिरत नाही त्यामागे बरेचदा घर असतं. उड्डाणाचा तास हजारो रुपयांचा, अर्ध्या वाटेतून आलो तर पैसे वाया, वडिलांना काय सांगू, हे त्याच्या डोक्यात चालू असतं. तेव्हा फीच्या हिशेबात काही तास जास्तीचे धरा आणि ते लेकराला आधीच सांगून टाका. “रविवारी घरी जेवायला ये, पाहुणे येणारेत” असला दिवस ठरवून देऊ नका. ढग आले म्हणून दुसऱ्याच विमानतळावर उतरून पोरगी रात्रभर बाकड्यावर बसली, तर फोनवर चेष्टा करू नका.

मेडिकल आधी करून घ्या, पैसे नंतर भरा. डोळे किंवा कान आडवे आले तर लाखो रुपये वाचतील. नागरी विमान वाहतुकीचं नियामक कार्यालय डीजीसीए ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी देऊ लागलं आहे, ती बघा. मग लेकराला घेऊन प्रत्यक्ष शाळेत जा, एजंटाला घरी ठेवून. तिथल्या मुख्य इन्स्ट्रक्टरला समोर बसवून विचारा: तुमचा विद्यार्थी डोंगराकडून शेवटचा कधी माघारी आला, आणि तुम्ही त्याला काय म्हणालात? खऱ्या शाळेत या प्रश्नावर माणूस खुलतो, नकाशा काढून दाखवतो. “आमच्याकडे तशी वेळच येत नाही” असं उत्तर आलं, तर चेकबुक पिशवीतच राहू द्या आणि पुढच्या गावची गाडी धरा.