हत्तीवरून उतरताना



बाहुबलींची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. वर्षभर निश्चल उभे राहून त्यांनी घोर तप केले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान प्रकट होईना. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार ब्राह्मी आणि सुंदरी या साध्वी भगिनी तेथे आल्या आणि त्यांनी आपल्या बंधूला हत्तीवरून खाली उतरण्याची विनंती केली. भूमीवर उभ्या असलेल्या मुनीजवळ हत्ती कोठला? तो हत्ती मानाचा होता. ही कथा मी बालपणापासून ऐकत आलो आणि प्रवचनात प्रत्येक वेळी माना डोलावल्या. तिचा खरा अर्थ मात्र गेल्या हिवाळ्यात, खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात, बॅटरीवर चालणाऱ्या एका छोट्या स्कूटरवर बसताना कळला.

माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. काठी घेऊन शे-दीडशे पावले चालतो. पुढे वेदना असह्य होते. त्यामुळे गेली तीन वर्षे मी एकच उत्तर पाठ केले होते : ‘तुम्ही जाऊन या, मी घरी बसतो.’ लग्नकार्य असो, यात्रा असो वा सहल, उत्तर तेच. चाकाच्या खुर्चीचे नाव काढले तरी मला राग येई. पस्तीस वर्षे बँकेत ताठ मानेने वावरलेला मनुष्य लोकांसमोर खुर्चीत बसून ढकलला जाणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

यंदा नातीने हट्ट धरला. तिचे वय नऊ. ‘दादा आले तरच मी जाणार,’ असे तिने जाहीर केले आणि जेवणाच्या पानावरून उठली. चिरंजीवांनी एका आप्तांकडून घडीची स्कूटर दोन दिवसांसाठी मागून आणली. उद्यानात आधी फोन करून, असे वाहन आत नेता येईल का, हेही विचारून घेतले. माझ्या नकाराला जागाच उरली नाही.

गडबहून नागोठणे, वाकण फाटा, पाली असा मार्ग आम्ही घेतला. इमॅजिका 2013 साली सुरू झाले. चित्रपट व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने त्याचा ताबा घेतला. अशी उद्याने पाळण्यांसाठी प्रसिद्ध असली तरी तेथे दिवसभर जे करावे लागते ते चालणे. एका खेळापासून दुसऱ्यापर्यंत, रांगेपासून उपाहारगृहापर्यंत, मग पुन्हा परत. ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला या चालण्याचा हिशेब कधी लागत नाही. मला प्रवेशद्वारापाशीच तो लागला.

या वाहनाची थोडी माहिती देतो, कारण आपल्या अनेक घरांत त्याची गरज आहे आणि परिचय नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम नावाचे गृहस्थ होते. मज्जासंस्थेच्या विकाराने त्यांच्या पत्नीचे चालणे दुरावत गेले. तिच्यासाठी त्यांनी 1968 मध्ये विजेवर चालणारे एक छोटे तीनचाकी वाहन बनवले आणि त्याला ‘अमिगो’ हे नाव दिले. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ मित्र. पुढे त्याचाच व्यवसाय झाला. म्हणजे या वाहनाचा जन्म पत्नीला घराबाहेर पडता यावे, या इच्छेतून झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

चालवण्याची रीत सोपी आहे. आसनाखाली बॅटरी आणि मोटर, समोर दांडा, दांड्याला एक खटका. खटका दाबला की गाडी पुढे जाते, सोडला की आपोआप थांबते; वेगळा ब्रेक दाबावा लागत नाही. वेग ठरवण्यासाठी एक गोल बटण असते. त्याच्या एका बाजूस कासवाचे आणि दुसऱ्या बाजूस सशाचे चित्र होते. मी बटण कासवावर ठेवले आणि निघालो.

पहिली दहा मिनिटे लाजिरवाणी गेली. एका दुकानात शिरताना समोर लहान मूल आले. मी घाबरलो आणि घाबरलेला मनुष्य जे करतो तेच केले : हातात होते ते घट्ट आवळले. गाडी थांबण्याऐवजी पुढे गेली. मूल वाचले, पण टोप्यांच्या मांडणीला मी धडकलो आणि पाच-सहा टोप्या माझ्या मांडीवर पडल्या. नात खदखदून हसली. विक्रेत्या मुलीने टोप्या उचलल्या आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘काका, हात सोडा फक्त.’ सोडले की थांबते, हा या यंत्राचा पहिला नियम आहे. अपरिग्रहावर भाषणे देणाऱ्या मला तो टोप्या पडल्यावर उमगला.

त्यानंतर मी समोरच्या भूमीवर दृष्टी ठेवून चाललो. आपल्या साधु-साध्वींच्या पाच समितींत पहिली ईर्या समिती. समोरची साडेतीन-चार हात भूमी पाहत, जीवाला इजा होणार नाही असे पाऊल टाकायचे. स्कूटरवर बसलेल्या श्रावकाने इतके तरी पाळलेच पाहिजे, कारण आपल्या चाकासमोर दुसऱ्याची पावले असतात.

लोक माझ्याकडे पाहतील, ही माझी तीन वर्षांची धास्ती होती. कोणी पाहिले नाही असे नव्हे. पाहिले, वाट दिली आणि आपापल्या मुलांमागे निघून गेले. माझ्या अपमानासाठी कोणाजवळ फुरसत नव्हती. मोठ्या पाळण्यांत मी अर्थातच बसलो नाही. ‘नायट्रो’च्या रुळांखाली उभा राहून चिरंजीवांची किंचाळी ऐकली आणि मनापासून हसलो.

दुपारी एक गोष्ट घडली आणि तिच्यासाठीच हा लेख लिहीत आहे. आमच्या सौभाग्यवती सवयीने एका बाकावर बसल्या आणि शेजारची जागा माझ्यासाठी पिशवी ठेवून राखली. मी म्हणालो, ‘मला जागा नको, मी बसलेलाच आहे.’ त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग पिशवी माझ्या गाडीच्या टोपलीत ठेवली आणि नातीचा हात धरून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा केस विसकटलेले होते आणि चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेला आनंद होता. त्या इतकेच म्हणाल्या, ‘तीन वर्षांत पहिल्यांदा उठले.’

मी आयुष्यभर कर्जाचे हिशेब तपासले. माझ्या नकाराचे व्याज कोण भरत होते, हे मात्र एकदाही तपासले नाही. ‘तुम्ही जाऊन या’ असे मी म्हणे आणि त्या कधीच जात नसत. त्यांचे गुडघे धडधाकट असूनही माझ्या अभिमानाने त्यांना घरात बसवले होते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आपण डोलीत बसून चढतो तेव्हा लाज वाटत नाही, आणि तेथे तर दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर आपला भार असतो. येथे भार बॅटरीवर होता, तरी मला लाज वाटत होती. ती लाज नव्हती, हत्ती होता.

सूर्यास्तापूर्वी आम्ही वाहनतळावर आलो, गाडीपाशी थेपले आणि दही खाऊन चौविहार केला आणि परतलो.

स्कूटर दुसऱ्या दिवशी परत करायची होती. सकाळी उत्साहाने ती घेऊन महामार्गाच्या कडेच्या आमच्या थोरल्या बंधूंच्या किराणा दुकानी गेलो आणि दारात अडकलो. दुकानाला तीन पायऱ्या. ज्या दुकानात मी लहानाचा मोठा झालो तेथे मला ग्राहक म्हणून शिरता येईना. रस्त्यावरून हाक मारावी लागली. तेव्हा आठवले, गावातील एक अपंग गृहस्थ चाळीस वर्षे तेथूनच हाक मारत आले आहेत. आम्ही त्यांना माल खाली नेऊन देत होतो आणि ही आपली भूतदया समजत होतो. मीही त्याच हिशेबातला. माझी एक शाखा पहिल्या मजल्यावर होती आणि दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी वृद्ध निवृत्तिवेतनधारक धापा टाकत जिना चढत. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली. तोवर खाली उतरून सही घेण्याचे मला फार वेळा सुचले नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. लोकांचा वावर असलेल्या खासगी व्यापारी वास्तूही त्याच्या कक्षेत येतात. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक न राहता बंधनकारक असावेत, असे सांगितले. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार समजतो. उताराचे प्रमाण एकास बारा असते. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, त्यासाठी अठरा फूट उतार हवा. बंधूंच्या दुकानापुढे तेवढी जागा नाही. मग बाजूच्या गोदामाचे दार, जेथे एकच पायरी आहे, तेथे सहा फुटी उतार करायचे ठरले. काम झाले आहे. चाळीस वर्षे हाक मारणारे ते गृहस्थ गेल्या आठवड्यात आत आले, तांदळाच्या चार पोत्यांत हात घालून पाहिले आणि भाव महाग आहे म्हणून काही न घेता गेले. बंधू थोडे खट्टू झाले. मला मात्र समाधान वाटले. निवड करणे आणि नाकारणे हाही ग्राहकाचा मान आहे.

ज्यांना असे वाहन घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. चांगल्या स्कूटरची किंमत लाखाच्या घरात जाते. म्हणून आधी मागून किंवा भाड्याने घेऊन चालवून पाहावी. तीन चाकांची अरुंद जागेत सहज वळते, चार चाकांची अधिक स्थिर असते. बसता-उतरताना किल्ली बंदच असावी, कारण कोपर खटक्याला लागतो. वळणावर वेग कमी ठेवावा. बॅटरी प्रत्येक वापरानंतर भारावी. रिकामी ठेवली तर तिचे आयुष्य घटते. आणि एकत्र कुटुंबांनी, वा एखाद्या संघाने, एक स्कूटर सामायिक घेऊन गरजेनुसार फिरवली तर खर्च कोणालाच जड जाणार नाही. आमच्या नातलगांपुरता मी हा प्रस्ताव मांडला आहे आणि पहिली वर्गणी माझी आहे.

येत्या कार्तिकी पौर्णिमेला आम्ही उभयता पालिताण्याला जाणार आहोत. मी डोलीत बसेन. सौभाग्यवती पायी चढणार आहेत.

जय जिनेंद्र.