मोबाईल आणि आपला ठावठिकाणा

मोबाईल खिशांत स्वस्थ पडलेला दिसला तरी तो आपला टापू कंपनीस वेळोवेळीं कळवीत असतो. त्यावांचून आलेला कॉल पोंचावयाचा कसा? टापू ठाऊक असला म्हणजे तेथील टॉवरांवरून त्यास पुकारतां येतें, तेंहि बहुधा तात्पुरत्या क्रमांकानें, ही योजना स्तुत्यच होय. टपालवाल्यास पत्ता हवाच. त्याबद्दल कुरकुर नाहीं.

आमची हरकत निराळी आहे. कॉल पोंचल्यावरहि तो कोणत्या टॉवरवरून झाला ही नोंद कशास जपावयाची? जर्मनींतील राजकारणी माल्टे श्पित्स यांनीं दावा लावून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मिळविल्या. त्या ३५,८३० भरल्या! २०११ सालीं त्या प्रसिद्ध होतांच ते केव्हां कोणत्या गांवीं होते हें साऱ्यांस दिसलें. त्यांत संभाषणाचा एक शब्दहि नव्हता. आपल्या देशांत तर नोंदी ठेवण्याची मुदत २०२१ सालीं एका वर्षावरून दोन वर्षें झाली. गुन्ह्याच्या तपासास त्या उपयोगी पडतात, हें खरें. पण त्यासाठीं साऱ्यांच्याच ठेवावयाच्या काय?

‘मी कांहींच लपवीत नाहीं’ म्हणणाऱ्या सोबत्यांनीं आपली अशी वही हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून पाहावी.