कृतीकडून पानांकडे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गाला साहित्यविचार शिकवतो. त्यात ‘माध्यमांतर’ हा घटक दरवर्षी येतो. कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो, आणि विद्यार्थी ठरलेल्या वाटेने जातात : मुळातले काय राहिले आणि काय गळले, याची यादी करतात. गेल्या वर्षी दारव्हा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने चर्चासत्रासाठी निराळाच विषय आणला. हाणामारीच्या व्हिडिओ गेमची एखादी मालिका मध्येच पत्त्यांच्या डावाचे रूप घेते, तेव्हा त्याला माध्यमांतर म्हणावे काय, असा त्याचा प्रश्न होता. वर्गात हशा पिकला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘हा आपला प्रांत नव्हे’ असे सांगून विषय बदलायला लावला. त्याने तो मुकाट्याने बदलला. त्या वेळी मी बोलायला हवे होते. बोललो नाही, म्हणून हा लेख.

साहित्याच्या वाचकाला हा प्रदेश अनोळखी असेल, तेव्हा आधी थोडा तपशील. 2003 आणि 2004 या दोन वर्षांत तीन जपानी मालिकांनी हे वळण घेतले. सेगा कंपनीचा ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा खेळ 2000 साली आला तेव्हा दूरदूरचे खेळाडू एकत्र येऊन समोरच्या श्वापदांवर प्रत्यक्ष वार करीत. 2003 सालच्या त्याच्या तिसऱ्या भागात ते थांबले. तिथे खेळाडू फासे टाकतो आणि फाशांनी दिलेल्या गुणांच्या मर्यादेत आपली पाने खेळतो. कोनामी कंपनीची ‘मेटल गिअर’ ही 1987 पासूनची मालिका म्हणजे शत्रूच्या गोटात लपतछपत शिरण्याचा खेळ. 2004 सालच्या ‘मेटल गिअर ॲसिड’मध्ये तिचा नायक पाळीपाळीने, हातातल्या पानांच्या जोरावर पावले टाकू लागला. त्याच वर्षी ‘किंगडम हार्ट्‌स’ या 2002 साली सुरू झालेल्या मालिकेचा ‘चेन ऑफ मेमरीज’ हा भाग आला. त्यात धावपळ कायम राहिली, पण तलवारीचा प्रत्येक वार करण्यासाठी आता पान टाकावे लागत होते.

अशा वळणावर जुन्या खेळाडूची तक्रार कोणती असते, हे सहज ओळखता येईल. तो तलवार चालवायला आलेला असतो आणि त्याच्यापुढे हिशेब ठेवला जातो. ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कृतिप्रधान खेळात खेळाडूचे शरीर गुंतलेले असते. भीतीने अंगठा थबकतो, सरावाने तो सुटतो, आणि पडद्यावरच्या विजयात आपल्या स्नायूंचा वाटा असल्याचा आनंद मिळतो. पानांच्या खेळात हा आनंद जातो. जे गेले ते गेले असे मान्य करूनच पुढे जायला हवे.

मात्र जे आले, ते नुसत्या हिशेबापेक्षा अधिक आहे. ‘मेटल गिअर ॲसिड’मधला एक नियम पाहा. हातातले कोणतेही पान दोन प्रकारे वापरता येते : त्यावर असलेले शस्त्र चालवण्यासाठी, किंवा काही पावले पुढे सरकण्यासाठी. समोर दार आहे, हातात चांगली बंदूक आहे, पण दारापर्यंत पोहोचायचे तर तीच खर्ची घालावी लागते. शिवाय प्रत्येक पानाला किंमत आहे. भारी पान टाकले की आपली पुढची पाळी लांबते. कृतिप्रधान खेळ विचारतो, ‘तुला हे जमेल का?’ पानांचा खेळ विचारतो, ‘यातले काय सोडशील आणि केव्हा?’ पहिला प्रश्न कौशल्याचा आहे, दुसरा त्यागाचा. नायक तोच राहिला तरी प्रश्न बदलला, आणि प्रश्न बदलला की आशयही बदलतो.

‘चेन ऑफ मेमरीज’मध्ये हे आणखी स्पष्ट दिसते. तिथला नायक सोरा एका अद्‌भुत गढीचे मजले चढत जातो. प्रत्येक मजल्यावरचे जग त्याच्याच आठवणींतून घडलेल्या पानातून उभे राहते, आणि तो जसजसा वर जातो तसतशा त्याच्या खऱ्या आठवणी पुसट होत जातात. पाने इथे लढण्याची सोय म्हणून आलेली नाहीत. आठवण हातात धरता येते, मोजता येते, टाकता येते आणि म्हणूनच गमावता येते, हे कथानकाचे मूळ सूत्र पानांच्या रूपानेच सांगितले जाते. या खेळातले शून्याचे पान तर साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. ते आधी टाकले तर कोणत्याही पानाने तुटते. प्रतिस्पर्ध्याच्या पानानंतर टाकले तर कोणतेही पान तोडते. शून्याची किंमत त्याच्या जागेवर ठरते, हे आपण शाळेत अंकगणितात शिकलो. इथे तो कथेचा नियम झाला आहे.

हे वळण परदेशी किंवा अगदी नवे आहे, असेही समजण्याचे कारण नाही. यवतमाळपासून पाहता महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीच्या परिसरात, एकाच कथावस्तूची अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. विष्णूचे दहा अवतार तिथे दशावतारी नाटकात रात्रभर रंगमंचावर वावरतात. लिखित संहितेवाचून, ऐन वेळी सुचलेल्या संवादांच्या बळावर नट युद्धे आणि वाग्युद्धे उभी करतात. तेच दहा अवतार दशावतारी गंजिफांच्या गोल पानांवरही आहेत. प्रत्येक अवताराची बारा पाने : राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची, एकूण 120. 1970 च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीच्या राजघराण्याने या मरू घातलेल्या कलेला राजवाड्यात आसरा दिला, म्हणून ती आज आपल्याला पाहता येते.

रंगमंचावर आवाज, घाम आणि मृदंग आहे. पानांत यांतले काही नाही. म्हणून पाने कथेला मुकली काय? खेळाचे नियम तसे सांगत नाहीत. दिवसा खेळ असेल तर डावाची सुरुवात रामाच्या राजाने होते, रात्री असेल तर कृष्णाच्या. निम्म्या रंगांत अंक चढत जातात तशी पानांची ताकद चढते, उरलेल्या निम्म्यांत उलटे होऊन लहान अंक मोठ्याला जिंकतो. बटू वामनाने तीन पावलांत त्रिभुवन व्यापल्याची गोष्ट ज्या खेळाडूंना ठाऊक आहे, त्यांना हा उलटा क्रम परका वाटणार नाही. नट ज्याचा अभिनय करतो, त्याचाच नियम पान पाळते. या दोहोंत मूळ कोणते आणि नक्कल कोणती, असे कुणी विचारत नाही. मग व्हिडिओ गेमच्या बाबतीतच आपण ते का विचारावे?

इथे एक आक्षेप रास्त आहे. या कंपन्यांनी पाने हाती घेतली ती काही सौंदर्यविचाराने नव्हे. 1993 साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आणि 1996 साली पोकेमॉनची पाने आली, आणि पाने गोळा करण्याच्या छंदाची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली. तिचा मोह या कंपन्यांना पडला असणार. पुढे या मालिका पुन्हा कृतीकडे वळल्या, हेही खरे : ‘किंगडम हार्ट्‌स’ 2005 साली, उरलेल्या दोन्ही 2006 साली. पण बाजारासाठी निर्माण झालेली गोष्ट विचाराला अपात्र ठरवायची तर नियतकालिकांच्या पानांची भर म्हणून लिहिलेल्या किती कादंबऱ्या आपल्याला अभ्यासक्रमातून काढाव्या लागतील! हेतू बाजाराचा असला तरी रूप आपले काम करीतच असते.

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येतो. चर्चासत्र संपल्यावर व्हरांड्यात मी त्याला विचारले, हा विषय सुचला कसा? तो म्हणाला, ‘‘सर, मारामारीच्या गेममध्ये हरलो की वाटते, माझाच हात संथ. पत्त्यांच्या गेममध्ये हरलो की मी आधी पाहतो, हातात आले काय होते. आमच्या घरी बाबा दरवर्षी हेच पाहतात.’’

त्याच्या घरची शेती कोरडवाहू कापसाची. मृगात पेरले, पावसाने दडी मारली, दुबार पेरणीला पैसा नाही म्हणून बैल विकला, हे त्याने एका वाक्यात सांगितले. शस्त्राचे पान चालण्यासाठी खर्च करणे म्हणजे काय, हे त्याला मी शिकवण्याची गरज नव्हती. आपल्याकडे कष्टाच्या कथा बहुधा कृतीच्या रूपात सांगितल्या जातात. राबणारा जिंकतो, आणि जिंकला नाही तर तो कुठेतरी कमी पडला असे न बोलता सुचवले जाते. पानांचे रूप हा आरोप मागे घेते. उत्तम खेळूनही माणूस हरू शकतो, हे मान्य करणारे ते रूप आहे.

पण त्यातही एक धोका आहे, आणि तो समीक्षकाने दाखवला पाहिजे. ‘शेती म्हणजे जुगार’ असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा पावसाबरोबर बियाण्याची किंमत, कर्जाचा व्याजदर आणि कापसाचा भाव हेही जणू नशिबाने पिसून वाटलेले असतात. वर सांगितलेल्या खेळांत मात्र लढाईआधी खेळाडू स्वतः आपला कॅट लावतो. कोणती पाने ठेवायची आणि कोणती वगळायची, ही खरी बुद्धी तिथेच लागते. कापूस पिकवणाऱ्याचा कॅट कोण लावतो? पाऊस वगळला तर बाकीची पाने माणसांनी, कुठेतरी बसून, ठरवलेली असतात. रूपाकडे नीट पाहिले की हा प्रश्न विचारता येतो. केवळ ‘काय राहिले, काय गळले’ अशी यादी करत बसलो तर तो सुचतही नाही.

त्या विद्यार्थ्याने बदललेल्या विषयावर निबंध लिहिला. एका गाजलेल्या कादंबरीच्या नाट्यरूपावर. निबंध नीटनेटका होता, त्याला गुणही बरे मिळाले, आणि त्यात त्याचे स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते. या वर्षीच्या चर्चासत्राच्या यादीत त्याचा मूळ विषय मी माझ्या हाताने लिहिला आहे. कुणीतरी तो उचलेल अशी आशा आहे. आणि या वेळी हशा पिकला, तर मी बोलणार आहे.