विषय तुम्ही द्या, पोरं कॉलेजातली घ्या

कर्जत-खालापूरच्या गिरणीवाल्यांनो, वीटभट्टीवाल्यांनो, रोपवाटिकावाल्यांनो आणि ठाकुरवाडीतल्या बचत गटाच्या बायांनो, हे तुमच्यासाठी.

कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं अभियांत्रिकी कॉलेज आहे, भिवपुरीकडे तासगावकरांचं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावाच लागतो. विषय सापडला नाही की पोरं दुकानातून सुटे भाग आणून काहीतरी चमकणारं जोडतात, मार्क मिळतात आणि ते कपाटात जातं. त्यापेक्षा तुमची अडचण त्यांच्या पुढ्यात ठेवा.

पण अडचण नीट सांगा. भाताच्या गिरणीत 'कणी फार पडते' एवढ्यानं काम भागत नाही. १०० किलो भात घातलं तर अख्खा तांदूळ किती, कणी किती, कोंडा किती, तूस किती, हे चार वेळा तोलून लिहून ठेवा. तूस साधारण २० किलोच्या आसपास निघतं. बाकीच्या हिशोबात गोम असते. भात ओलं किंवा फार सुकलेलं असलं तर दाणा तुटतो. ओलावा १४ टक्क्यांच्या जवळपास असावा लागतो. तेव्हा दोष गिरणीचा की खळ्यावरच्या वाळवणीचा, हे शोधणं हाच चांगला प्रकल्प. नवं यंत्र लागेलच असं नाही. पोरांना हे पटायला वेळ लागतो, मास्तरांना त्याहून जास्त.

दुसरं, वेळापत्रक. गिरणीची घाई कापणीनंतर, नेमकी तेव्हाच पोरांची परीक्षा. भट्टी दिवाळीनंतर पेटते आणि पावसापर्यंत चालते. करवंदं-जांभळं पिकतात तेव्हा कॉलेज सुट्टीवर. म्हणून प्रकल्पाचे विषय ठरतात त्या जुलै-ऑगस्टमध्येच गाठ घाला आणि मोजमाप कुठल्या महिन्यात करायचं ते कागदावर आणा.

पाट्या घेऊन नेरळ-कर्जत स्टेशनवर बसणाऱ्या ठाकुरवाडीच्या बायांचा धंदाही धंदाच आहे. जांभूळ संध्याकाळपर्यंत टिकत नाही, उरलेलं पडेल भावानं जातं. इथं पोरांनी आधी दोन दिवस पाटीमागे बसावं, मग पेन उचलावं. आणि बायांनो, तुमचा वेळ फुकट देऊ नका. दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती मागा.

कॉलेज आणि वाडीनं मिळून असं काम होतं का? होतं. याच कर्जत तालुक्यात गुडवणवाडीला आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रानं वाडीसोबत बंधाऱ्याचं काम केलं. सितारा १९८५ पासून गावच्या तंत्रज्ञानावर काम करतं. राज्य सरकारनंही २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू करून कॉलेजांनी जिल्ह्यातले प्रश्न हाती घ्यावेत अशी वाट केली. वाट आहे, पण कॉलेजच्या फाटकापर्यंत तुम्हालाच जावं लागेल.

अटी मात्र तुमच्या असू द्या. चालू मशीनला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पट्टा, बेअरिंग, मोटर जे काही पोरं सुचवतील ते कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारात मिळालं पाहिजे. आणि जाताना मराठीत लिहिलेला एक कागद: काय बदललं, बिघडलं तर काय करायचं, सुट्या भागांची यादी. तो कागद गिरणीच्या भिंतीवर लागल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाल्याच्या पत्रावर सही करू नका.