मिसळण्यापूर्वीचे अंतर

हैदराबादहून सोलापूरकडे जाणारा जुना मुंबई रस्ता कुकटपल्लीतून जातो. गृहनिर्माण मंडळाच्या अवाढव्य वसाहतीने या गावाचे शेतीपण पुसले आणि २००७ मध्ये तिथली नगरपालिका बृहन्हैदराबाद महापालिकेत विलीन झाल्यावर ते पुरते शहर झाले. तरीही अशा वस्तीत घरामागे थोडी मोकळी जागा उरली की गावाकडून आणलेल्या दोन गावरान कोंबड्या, हौसेने घेतलेली कडकनाथाची जोडी, वनराजाची पिले आणि एखादा झुंजार असील कोंबडा असा मेळ जमू शकतो. पाळणाऱ्याला वाटते, प्रश्न खुराड्याचा आणि दाण्याचा आहे. इतिहासाकडे पाहिले तर तो वेगळाच दिसतो. कोणते पाखरू कोणाजवळ, केव्हा आणि किती अंतराने ठेवावे, हे माणूस पुनःपुन्हा शिकला आहे आणि दर पिढीत विसरला आहे.

पूर्वसूरींनी हा विषय क्षुद्र मानला नव्हता. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोंबड्याचे खच्चीकरण करू नये अशी आज्ञा आहे, आणि मनुस्मृतीने जो कोंबडा अभक्ष्य ठरवला तो गावातला, उकिरड्यावर चरणारा. पाखराची पारख ते कुठे चरते यावरून करण्याची दृष्टी तेव्हापासूनची आहे. याच मुंबई रस्त्याने पश्चिमेला गेले की हुमनाबादच्या पुढे बसवकल्याण, म्हणजे जुनी कल्याणी, जवळ येते. त्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचताना राजाच्या विनोदांत कोंबड्यांच्या झुंजीला स्वतंत्र स्थान दिले, आणि त्याच शतकातल्या पलनाडूच्या युद्धाची तेलुगू वीरकथाही अशाच एका झुंजीभोवती फिरते. झुंजीचे समर्थन आज कोणी करू नये, पण असील ज्या शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासला त्यांना दोन नर एका खुराड्यात नांदत नाहीत हे पक्के ठाऊक होते. त्यांचा खेळ क्रूर होता, जोपासना मात्र डोळस होती.

ही डोळस वृत्ती सुटली की काय होते याचा धडा एकोणिसाव्या शतकाने दिला. आशियातून आलेल्या थोराड कोंबड्यांनी इंग्लंड-अमेरिकेला वेड लावले. १८४९ मध्ये बोस्टनला प्रदर्शन भरले, एकेका जोडीला अवाच्या सवा भाव आला आणि काही वर्षांतच सारा फुगा फुटला. त्या व्यापारात स्वतः हात धुऊन घेतलेल्या जॉर्ज बर्नहॅमने १८५५ मध्ये या ‘कोंबडी-ज्वरा’चा इतिहासही लिहिला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून कडकनाथाचा घोटाळा उघड झाला तेव्हा गुंतवणूक बुडालेल्या शेतकऱ्यांपैकी कोणाच्या हाती ते पुस्तक पडले असते तर आमिषाचा साचा त्याने ओळखला असता. दुर्मीळ जात, चढा भाव, माल परत विकत घेण्याचे वचन, आणि शेवटी गिऱ्हाईक नसलेली पाखरे.

विसाव्या शतकाने याहून कठोर पाठ दिला. १९२६ मध्ये जावा आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे, तर पुढच्याच वर्षी कुमाऊँमधल्या राणीखेतला, एक रोग कोंबड्यांचे कळपच्या कळप संपवताना दिसला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, कारण जगलेल्या पाखराची मानही पिळवटलेली राहते. मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेने त्यावर तयार केलेली लस आजही देशभर टोचली जाते. पण रोग ज्या वाटेने येतो ती वाट लसीने बंद होत नाही. बाजारातून डालग्यात घालून आणलेली, वरवर धडधाकट दिसणारी नवी कोंबडी थेट जुन्यांत सोडली जाते, आणि आठवड्याभरात खुराडे रिकामे होते.

स्वातंत्र्यानंतर शासनाने लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या विलायती जाती देऊन गावरानाची ‘सुधारणा’ आरंभली. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि हैदराबाद-पुणे हा अंड्यांच्या अर्थकारणाचा कणा बनला. त्या पर्वाने अंडे स्वस्त केले, हे ऋण मोठे आहे. पण जास्त अंड्यांसाठी घडवलेली कोंबडी खुडूक बसत नाही, आणि खुडूक न बसणारी कोंबडी आली की पिले वाढवणारी आईच परसातून हद्दपार होते. हैदराबादेतच राजेंद्रनगरला १९८८ मध्ये आरंभ झालेल्या कुक्कुट संशोधन प्रकल्पाने वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती परसासाठीच विकसित केल्या, तरी त्यांच्या पिलांना पहिले सहा आठवडे ऊब आणि निगराणी द्यावी लागते. म्हणून गावरान कोंबडी मिश्र कळपात हौसेपुरती नसते. वनराजा अंडी देते आणि गावरान ती उबवते, ही वाटणी ज्या घराने ओळखली त्याला हॅचरीच्या दारात वारंवार उभे राहावे लागत नाही.

मग २००६ चा फेब्रुवारी आला. नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला. मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या, आणि मार्चमध्ये जळगावच्या खेड्यांवर तीच वेळ आली. २०२१ मध्ये परभणीजवळचे मुरुंबा, २०२५ मध्ये आंध्रातले गोदावरीकाठचे जिल्हे, असे हे चक्र फिरत राहिले. दर वेळी काही आठवडे चर्चा होते, चिकनचे भाव पडतात, आणि पाऊस येईतो सारे विस्मरणात जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातले होते आणि ही संख्या सात वर्षांत जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. इतका मोठा पसारा आपण साथीच्या दिवसांतच आठवतो, हे मला राज्यकर्त्यांचे आणि नागरिकांचेही गंभीर दुर्लक्ष वाटते.

कुकटपल्लीतल्या पाळणाऱ्याने या परंपरेतून काय घ्यावे? नवे पाखरू किमान तीन आठवडे निराळ्या जागी, निराळ्या भांड्यांत ठेवावे आणि त्याला दाणा घालून झाल्यावर त्याच पायांनी जुन्यांत जाऊ नये. दहा माद्यांमागे एकच नर पुरे, आणि तो असील असला तर दुसरा नकोच. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य लहान पिलांना घालू नये. त्यातला भरपूर चुना पिलांच्या मूत्रपिंडांना मारक ठरतो. सर्वांना वाढीचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की ज्या मादीला गरज आहे ती खाते. मिसळताना चोचींची मारामारी होणारच, कारण कळपातली उतरंड नव्याने ठरते. पण आधी जाळीपलीकडून नजरओळख झाली आणि लपायला आडोसे असले तर सहसा रक्त निघत नाही.

उरतो लसीचा प्रश्न, आणि तो एकट्या घराच्या आवाक्यातला नाही. मानमोडीच्या लसीची कुपी शंभर आणि त्याहून अधिक मात्रांची असते, विरघळवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात सांभाळावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? फोडली तर नव्वदहून अधिक मात्रा वाया जातात, न फोडली तर कळप उघडा राहतो. वसाहतीतल्या पाळणाऱ्यांनी एक दिवस ठरवून पाखरे टोचून घ्यावीत, टोचणाऱ्याने घरोघर जाऊन प्रत्येक घरी हात धुवावेत, आणि पशुसंवर्धन खात्याने खेड्यांतल्या लसीकरण शिबिरांसारखी सोय शहराच्या प्रभागांतही करावी. पाखरे एका ठिकाणी गोळा करून टोचणे मात्र टाळावे, नाहीतर नव्या-जुन्यांची जी सरमिसळ घरी टाळली ती तिथे घडेल.